‘विलीन’ नव्हे, ‘खालसा’

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत हवाई बेटांच्या सहलीवर आलेला प्रवासलेख मी आवडीने वाचला. समुद्र, ज्वालामुखी, अननसाची शेते आणि होनोलुलूतला तो देखणा राजवाडा यांचे वर्णन चांगले उतरले आहे, आणि सत्तरी ओलांडलेल्या माझ्यासारख्या माणसाला घरबसल्या एवढे पाहायला मिळाले याबद्दल लेखकाचे आभारच मानायला हवेत. मात्र राजवाड्याच्या परिच्छेदात शेवटी एक वाक्य आहे : ‘पुढे १८९८ मध्ये हवाईचे राज्य अमेरिकेत विलीन झाले.’ या पत्राचा विषय त्या वाक्यातले क्रियापद आहे. एका क्रियापदासाठी एवढे लांब पत्र लिहिणे हा पेठेतल्या निवृत्त शिक्षकाचा रिकामटेकडेपणा वाटेल, तो आरोप मला मान्य आहे. पण तीसेक वर्षे वर्गात इतिहास शिकवताना मुलांच्या उत्तरपत्रिकांत मी ज्या चुकीखाली तांबडी रेघ ओढत आलो, तीच छापील मजकुरात दिसली म्हणून सोडून देणे जमले नाही.

‘विलीन होणे’ हा आपल्याकडे साधा शब्द राहिलेला नाही. ८ मार्च १९४८ रोजी औंध, भोर, फलटण, सांगली आदी दक्षिणी संस्थाने मुंबई प्रांतात सामील झाली आणि पुढच्या वर्षी १ मार्चला कोल्हापूरही आले, त्या घडामोडीला आपण विलीनीकरण म्हणतो. तिथे करार होते, करारांवर संस्थानिकांच्या सह्या होत्या, तनखे ठरले होते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे संस्थानांतल्या प्रजापरिषदांनी ही मागणी आधीपासून लावून धरलेली होती. सगळे राजे हसतमुखाने सहीला बसले असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्यांच्यावर राज्य करायचे त्या लोकांचा कौल विलीनीकरणाच्या बाजूने होता, आणि शब्दाला जो सात्त्विक अर्थ चिकटला तो त्यामुळे. हवाईत नेमके याच्या उलट घडले. तिथे लोकांचा कौल विरोधात होता, तो लेखी होता, सह्यांनिशी होता, आणि ज्यांनी राज्य घेतले त्यांच्या टेबलावर तो ठेवलेला होता.

अशा प्रकारासाठी मराठीत दुसरा शब्द आहे, आणि तो आपण शाळेतच शिकतो. १८४८ मध्ये डलहौसीने दत्तक नामंजूर करून साताऱ्याचे राज्य खालसा केले. ‘सातारा कंपनीच्या राज्यात विलीन झाला’ असे लिहिणारा विद्यार्थी माझ्याकडे नापास झाला असता. मग होनोलुलूच्या बाबतीत ही सवलत कशासाठी?

हकीकत थोडी मागून सांगावी लागेल. अठराव्या शतकाच्या अखेरीस कामेहामेहा या राजाने एकेक बेट जिंकायला सुरुवात केली आणि १८१० पर्यंत सगळी बेटे एका छत्राखाली आणली. १८४० मध्ये त्या राज्याने लेखी राज्यघटना स्वीकारली. १८४३ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्स यांनी संयुक्त जाहीरनामा काढून हवाईचे स्वातंत्र्य मान्य केले. पुढे अमेरिकेसह अनेक राष्ट्रांशी तह झाले आणि परदेशांत हवाईच्या वकिलाती उघडल्या. १८८१ मध्ये, म्हणजे इथे पुण्यात ‘केसरी’ निघाला त्याच वर्षी, राजा कालाकाउआ जगप्रदक्षिणेला निघाला आणि त्या प्रवासात कलकत्ता व मुंबई ही दोन्ही शहरे पाहून गेला. त्याने बांधलेल्या राजवाड्यात, म्हणजे लेखात ज्याचे छायाचित्र आहे त्याच इओलानी राजवाड्यात, विजेचे दिवे लागले तेव्हा अमेरिकेच्या अध्यक्षांच्या घरी ते लागायचे होते. एवढे सांगण्याचे कारण असे, की ‘बेटावरचे राज्य’ म्हटले की पिसांचा मुकुट घातलेला टोळीप्रमुख आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि मग ते राज्य एखाद्या मोठ्या देशात ‘विलीन’ होणे ओहोळाने नदीला मिळण्याइतके स्वाभाविक वाटू लागते.

हे राज्य पोखरले ते उसाने. ऊस आणि सत्ता यांचे नाते महाराष्ट्रातल्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही, तरी तपशील पाहण्यासारखा आहे. राजा तिसरा कामेहामेहा याच्या काळात १८४८ पासून जमिनीच्या मालकीची नवी वाटणी झाली आणि १८५० मध्ये परदेशी माणसांना जमीन विकत घेण्याची मुभा मिळाली. जमीन ही खरेदी-विक्रीची वस्तू असते ही कल्पनाच ज्या समाजाला नवी होती, त्यातल्या पुष्कळ कुटुंबांच्या नावावर काहीच लागले नाही. मग १८७५ च्या तहाने हवाईची साखर अमेरिकेत करमुक्त जाऊ लागली आणि पंधरा वर्षांत निर्यात सुमारे दहापट झाली. मळ्यांवर राबायला चीन, जपान आणि पोर्तुगालच्या बेटांवरून करारबद्ध मजूर आणले गेले; आपल्याकडचे गिरमिटिये ज्या रीतीने मॉरिशस-फिजीला गेले त्याच रीतीचा हा व्यवहार. करमुक्त साखरेचा तह १८८७ मध्ये पुढे चालू ठेवताना अमेरिकेने बदल्यात पर्ल हार्बर बंदराच्या वापराचा एकाधिकार घेतला. जे बंदर पुढे १९४१ मध्ये जगाला माहीत झाले, ते अमेरिकेच्या हाती पहिल्यांदा साखरेच्या हिशेबात पडले.

त्याच १८८७ च्या जुलैत लॉरिन थर्स्टन या गोऱ्या वकिलाने आणि त्याच्या मंडळींनी गोऱ्या स्वयंसेवकांच्या शस्त्रधारी तुकडीच्या जोरावर कालाकाउआला नव्या राज्यघटनेवर सही करायला लावली. हवाईचे लोक तिला आजही संगिनीची राज्यघटना म्हणतात. राजाचे अधिकार तिने काढून घेतले, आणि तेवढ्यावर राज्यघटनेच्या नावाखाली समाधान मानणारा एखादा उदारमतवादी आपल्याकडेही सापडेल. पण पुढचे कलम वाचावे. वरिष्ठ सभागृहासाठी मत द्यायचे तर वर्षाला ६०० डॉलर उत्पन्न किंवा ३,००० डॉलरची मालमत्ता हवी. या अटीमुळे बहुसंख्य मूळ हवाईवासी बाहेर पडले, आशियाई मजुरांना मताधिकारच उरला नाही, आणि परक्या देशाचे नागरिकत्व न सोडलेल्या युरोपीय-अमेरिकी माणसांना मात्र तो मिळाला. आपल्याच देशात पाहुण्याला मत आणि घरच्याला दाराबाहेर, अशी ती व्यवस्था होती.

कालाकाउआ जानेवारी १८९१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत वारला आणि त्याची बहीण लिलिउओकलानी गादीवर आली. ती आली तेव्हा साखरेचे दिवस फिरले होते. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने सगळ्याच देशांची साखर करमुक्त केली आणि वर अमेरिकी उत्पादकांना पौंडामागे दोन सेंट अनुदान दिले, त्यामुळे हवाईच्या साखरेचा फायदा एका रात्रीत गेला. आपण अमेरिकेतच असतो तर ते दोन सेंट आपल्याला मिळाले असते, हा विचार कुणाच्या मनात आला नसेल असे मानणे कठीण आहे. तरीही सगळे मळेवाले खालसाच्या बाजूचे होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. सर्वांत मोठा साखरसम्राट क्लॉस स्प्रेकल्स विरोधातच होता, कारण अमेरिकी कायदा लागू झाला असता तर करारबद्ध मजुरी संपली असती. कटाच्या अग्रभागी होते ते वकील आणि व्यापारी.

१४ जानेवारी १८९३ रोजी राणीने नवी राज्यघटना जाहीर करण्याचा बेत केला. साडेनऊ हजार नोंदलेल्या मतदारांपैकी साडेसहा हजारांनी तशी मागणी अर्जांद्वारे केली होती, असे तिने स्वतः लिहून ठेवले आहे. तिच्याच मंत्र्यांनी सही नाकारली आणि बेत तिला बाजूला ठेवावा लागला. इथे राणीच्या बाजूचे दोष झाकण्यात अर्थ नाही. अस्तित्वात असलेली घटना राजाज्ञेने बदलणे कायद्याला धरून नव्हते, आणि त्याच आठवड्यात तिने लॉटरी व अफूच्या परवान्याची विधेयके मंजूर केल्याने सभ्य म्हणवणाऱ्या वस्तीत तिच्याविरुद्ध बोलायला विषय मिळाला. परंतु राज्यकर्त्याचे पाऊल चुकले म्हणून शेजारच्या देशाने त्याच्या राजधानीत फौज उतरवावी, हे तर्कशास्त्र मान्य केले तर ज्यांच्या जोरावर कंपनीने साताऱ्याचे राजे प्रतापसिंह यांना गादीवरून काढले ते आरोपही आपल्याला मान्य करावे लागतील.

फौज उतरली ती १६ तारखेला. अमेरिकेचा वकील, म्हणजे राजनैतिक प्रतिनिधी, जॉन स्टीव्हन्स याच्या सांगण्यावरून ‘बोस्टन’ या युद्धनौकेवरचे १६२ नौसैनिक होनोलुलूत उतरले. अमेरिकी नागरिकांच्या जीविताचे व मालमत्तेचे रक्षण हे त्याचे कारण सांगण्यात आले, पण त्यांचा मुक्काम पडला तो सरकारी इमारत आणि राजवाडा यांच्या अगदी जवळ. अमेरिकी लोकांची घरे तिथे नव्हती. दुसऱ्या दिवशी तेरा जणांच्या ‘सुरक्षा समिती’ने राजेशाही संपल्याचा जाहीरनामा सरकारी इमारतीसमोर वाचला, न्यायाधीश सॅनफर्ड डोल हंगामी सरकारचा अध्यक्ष झाला, आणि राणीने हत्यार खाली ठेवण्याआधीच स्टीव्हन्सने त्या सरकारला मान्यता देऊन टाकली. दोन दिवसांच्या या सगळ्या प्रकरणात रक्त सांडले ते एका हवाईयन पोलिसाचे, शस्त्रांची गाडी अडवली म्हणून, आणि तोही वाचला. संगमावरच्या बंगल्यात राहून शनिवारवाड्यातल्या प्रत्येक हालचालीची नोंद ठेवणारा रेसिडेंट ज्या गावाने पाहिला, त्या गावच्या वाचकाला स्टीव्हन्सची ओळख निराळी करून द्यायला नको. १ फेब्रुवारीला त्याने आपल्या सरकारला कळवले, की हवाईचे नासपती आता पुरते पिकले आहे आणि ते तोडण्याची हीच सोन्यासारखी वेळ आहे. डलहौसीने अवधच्या राज्याविषयी लिहिताना ते एक दिवस आपसूक तोंडात पडेल असे चेरीचे फळ म्हटले होते. साम्राज्यांना फळबागेतल्या उपमा का सुचतात, हा स्वतंत्र विषय आहे.

माझ्या मते या हकीकतीतला सर्वांत विचार करण्याजोगा कागद म्हणजे १७ जानेवारीचे राणीचे निषेधपत्र. ती हंगामी सरकारला शरण गेली नाही. अमेरिकेच्या वकिलाने फौज उतरवली म्हणून आपण अमेरिकेच्या वरचढ बळापुढे नमते घेत आहोत, आणि वस्तुस्थिती समोर आल्यावर अमेरिकी सरकार आपल्या प्रतिनिधीची कृती रद्द करून आपल्याला पुन्हा गादीवर बसवील तोपर्यंतच हे नमते घेणे आहे, असे तिने त्यात बजावून लिहिले. हा भाबडेपणा नव्हता, त्यामागे पन्नास वर्षांपूर्वीचा दाखला होता. १८४३ मध्ये पॉलेट नावाच्या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने असाच दांडगाईने हवाईचा ताबा घेतला होता. राजाने निषेध नोंदवून तो तात्पुरता दिला, तक्रार वरपर्यंत गेली, आणि पाच महिन्यांनी ३१ जुलैला अॅडमिरल थॉमसने येऊन राज्य परत केले. एका साम्राज्याच्या बाबतीत उपयोगी पडलेला उपाय राणीने दुसऱ्याच्या बाबतीत केला. रंगो बापूजी गुप्त्यांनी १८४० पासून १८५३ पर्यंत लंडनमध्ये राहून, अर्जामागून अर्ज करून, प्रतापसिंहांच्या वतीने जो विश्वास दाखवला, तो याच जातीचा होता. स्थानिक अधिकारी अन्यायी असला तरी त्याच्या वरच्याला कागद दाखवला की तो वाचेल, हा तो विश्वास.

आणि यातली विलक्षण गोष्ट अशी, की वरच्याने कागद वाचला. अध्यक्ष हॅरिसनने घाईने सिनेटपुढे ठेवलेला खालसाचा तह नव्याने आलेल्या ग्रोव्हर क्लीव्हलँडने मार्च १८९३ मध्ये मागे घेतला आणि जेम्स ब्लाउंटला चौकशीसाठी पाठवले. ब्लाउंटने १ एप्रिलला सरकारी इमारतीवरचे अमेरिकी निशाण उतरवले, महिनोन्‌महिने साक्षी घेतल्या आणि अहवाल राणीच्या बाजूने दिला. १८ डिसेंबर १८९३ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षाने अमेरिकेच्याच काँग्रेसला कळवले, की हवाईत फौज उतरवणे ही युद्धाची कृती होती आणि एका दुबळ्या, मित्र असलेल्या देशावर त्यातून मोठा अन्याय झाला आहे. रंगो बापूजींना चौदा वर्षांत हे वाक्य लंडनमध्ये कोणी ऐकवले नाही.

मग राज्य परत का मिळाले नाही? क्लीव्हलँडच्या वकिलाने डोलला गादी परत द्यायला सांगितले तेव्हा २३ डिसेंबरला डोलने उत्तर दिले, की आमच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करण्याचा अमेरिकेला अधिकार नाही. अकरा महिन्यांपूर्वी ज्यांच्या खुर्चीखाली अमेरिकी संगिनी उभ्या होत्या, त्यांचे हे उत्तर. क्लीव्हलँडला बळ वापरायचे नव्हते, त्याने प्रकरण काँग्रेसकडे सोपवले, आणि काँग्रेसने ते भिजत ठेवले. ४ जुलै १८९४ रोजी, म्हणजे अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन मुद्दाम निवडून, डोलच्या मंडळींनी हवाईचे ‘प्रजासत्ताक’ जाहीर केले. ज्यांना राजेशाही जाऊन लोकशाही आली याचे कौतुक वाटते, त्यांनी हेही लक्षात घ्यावे, की या प्रजासत्ताकात मत देण्यासाठी राजेशाही परत आणणार नाही अशी शपथ घ्यावी लागे. बहुसंख्य हवाईवासीयांनी ती घेतली नाही, आणि प्रजेवाचून प्रजासत्ताक चालू लागले.

जानेवारी १८९५ मध्ये राणीच्या पक्षपात्यांचा उठाव फसला. तिच्या घराच्या बागेत पुरलेली शस्त्रे सापडली आणि कटाची माहिती असून कळवली नाही या आरोपाखाली, तिच्याच राजवाड्यातल्या सिंहासनाच्या दालनात, लष्करी न्यायालयापुढे तिच्यावर खटला चालला. पाच वर्षे सक्तमजुरी आणि ५,००० डॉलर दंड अशी शिक्षा झाली. प्रत्यक्षात तिला राजवाड्याच्याच वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत आठएक महिने कोंडून ठेवले. लेखातल्या छायाचित्रात ती खोली दिसते. लेखक तिच्यावरून पुढे गेले आहेत, मी थोडा थांबतो. वर्तमानपत्र तिच्यापर्यंत पोहोचू द्यायचे नाही असा हुकूम होता. तेव्हा तिच्या बागेतली फुले येत ती वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून, आणि राणी फुले बाजूला ठेवून कागद वाची. आपला अंक कोणी असा वाचला असेल याची कल्पना कोणत्याही संपादकाला सुखावेल. या खोलीत तिने एका सखीच्या सोबतीने रेशमाचे तुकडे आणि फिती जोडून गोधडी शिवायला घेतली, आणि तिच्यावर आपल्या कैदेच्या तारखा, नावे, हवाईची निशाणे सुईदोऱ्याने भरली. माझा भाचा दोन वर्षांपूर्वी तिकडे जाऊन आला, त्याने काढलेले त्या गोधडीचे छायाचित्र मी मोठे करून पाहिले आहे. आमच्या घरातल्या आजीच्या वाकळीत जुन्या लुगड्यांचे काठ जसे ओळखू येत, तशा त्या फिती ओळखू येतात. बखरकार जवळ नसला की बायका असाही इतिहास लिहितात.

आता लोकांच्या ज्या लेखी कौलाचा मी सुरुवातीला उल्लेख केला त्याकडे येतो. १८९७ मध्ये नवा अध्यक्ष मॅकिन्ली याने डोलच्या सरकारशी खालसाचा नवा तह केला. त्याविरुद्ध हुइ आलोहा आइना या संघटनेच्या पुरुष व स्त्री शाखांनी बेटाबेटांवर हिंडून अर्जावर सह्या गोळा केल्या. सह्या भरल्या २१,२६९, आणि तेव्हा सगळ्या मूळ हवाईवासीयांची संख्या, पोराबाळांसह, चाळीस हजारांच्या आसपास होती. ५५६ पानांचा तो अर्ज घेऊन चार प्रतिनिधी वॉशिंग्टनला गेले आणि सिनेटर हॉर यांच्यामार्फत तो सिनेटपुढे आला. तहाला लागणारी दोन तृतीयांश मते जमली नाहीत आणि तह बारगळला. म्हणजे अर्जाने आपले काम केले होते. पण १८९८ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेचे स्पेनशी युद्ध जुंपले, मनिलाकडे जाणाऱ्या जहाजांना वाटेत कोळसा भरायला ठिकाण हवे झाले, आणि तहाची वाट बंद आहे हे पाहून दोन्ही सभागृहांत साध्या बहुमताने होणारा संयुक्त ठराव पुढे आणण्यात आला. ७ जुलै १८९८ रोजी मॅकिन्लीने त्यावर सही केली. १२ ऑगस्टला राजवाड्यासमोर हवाईचे निशाण उतरले. एका देशाच्या कायदेमंडळाने आपल्याच घरात ठराव करून दुसरा देश आपला म्हणून जाहीर केला. दुसऱ्या देशाच्या लोकांना कोणी विचारले नाही. सुमारे १८ लाख एकर राजघराण्याची व सरकारी जमीन या व्यवहारात मोबदल्याशिवाय गेली. माझा सगळा आग्रह या ठिकाणी येऊन थांबतो. इथे ‘विलीन झाले’ म्हटले की करणारा नाहीसा होतो, सह्या नाहीशा होतात, आणि राज्य आपले आपणच विरघळले असे वाटते. ‘खालसा केले’ म्हटले की कोणी केले हे सांगावेच लागते.

तो अर्ज पुढे वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पडून राहिला, आणि १९९० च्या दशकात नोएनोए सिल्वा या हवाईयन अभ्यासक बाईंनी तो शोधून लोकांपुढे आणला. तोपर्यंत आपल्या पूर्वजांनी निमूटपणे सगळे स्वीकारले असेच तिकडच्या पिढ्यांना वाटत होते. यादी प्रसिद्ध झाल्यावर लोक तिच्यात आपल्या पणज्या-पणजोबांची नावे शोधू लागले. त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांच्या वहीत खापरपणजोबांची सही सापडली की माणसाला काय होते, हे ज्याने अनुभवले आहे त्याला मी वेगळे सांगायला नको. पेशवे दप्तरातल्या रुमालांवर आयुष्य घालवणाऱ्या पुण्याच्या संशोधकांनाही या शोधाचे मोल कळेल.

त्या सह्या ज्या अक्षरांत आहेत त्यांचीही गोष्ट आहे, आणि ती आपल्याला परकी नाही. हवाईला १८२० मध्ये पहिले मिशनरी पाठवले ते बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाने. याच बोर्डाची माणसे १८१३ मध्ये मुंबईत आली, १८३१ पासून अहमदनगरला स्थिरावली, आणि त्यांच्या मराठी मिशनने १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ काढला. मराठी पत्रकारितेचा इतिहास त्यांना वगळून लिहिता येत नाही. हवाईतही त्यांनी तिथल्या भाषेला लिपी दिली, छापखाना दिला, आणि काही दशकांत तिथले बहुसंख्य लोक लिहू-वाचू लागले. पण तिकडे त्यांची पुढची पिढी जमिनीत आणि राजकारणात उतरली. डोल हा मिशनऱ्याचा मुलगा, थर्स्टन मिशनऱ्यांचा नातू. आजोबांनी गिरवून घेतलेल्या अक्षरांत लोकांनी नातवाविरुद्ध सह्या केल्या. आणि याच नातवांच्या प्रजासत्ताकाने १८९६ मध्ये शाळांत इंग्रजी माध्यम सक्तीचे केले, त्यामुळे शंभर वर्षे वर्तमानपत्रे चालवणारी ती भाषा घराघरांतून मागे हटली. १९८४ मध्ये पालकांनी बालवाड्या काढून तिला पुन्हा मुलांच्या तोंडी बसवायला सुरुवात केली, तोवर ती मातृभाषा म्हणून बोलणारी लहान मुले फार थोडी उरली होती.

‘हा तुमचा भावनेचा मुद्दा झाला, अमेरिकेच्या पुस्तकांत विलीनीकरणच म्हणतात’ असे कोणी म्हणेल. त्याला माझे उत्तर अमेरिकेच्याच कायद्यातून आहे. २३ नोव्हेंबर १९९३ रोजी, घटनेला शंभर वर्षे झाल्यावर, अमेरिकी काँग्रेसचा माफीचा ठराव अध्यक्ष क्लिंटन यांच्या सहीने कायदा झाला. राज्य उलथवण्यात अमेरिकेच्या अधिकाऱ्यांचा व नागरिकांचा हात होता, आणि मूळ हवाईवासीयांनी आपल्या सार्वभौमत्वावरचा हक्क राजामार्फत किंवा जनमत घेऊन प्रत्यक्षपणे कधीही सोडलेला नाही, हे त्यात नमूद आहे. या माफीने एक एकर जमीनही परत गेली नाही, आणि २००९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरावातल्या प्रस्तावनेने राज्य सरकारचे जमिनीवरचे अधिकार कमी होत नाहीत असा निकाल दिला, तो भाग वेगळा. १९५९ मध्ये मतदान झाले होते, असेही सांगितले जाते. झाले, पण मतपत्रिकेवर प्रश्न होता तो संघराज्यातले घटकराज्य व्हायचे की नाही एवढाच. स्वतंत्र राहायचे का, हे त्यावर छापलेले नव्हते. घेणाराच जर ‘त्यांनी दिले नव्हते’ असे कायद्याने लिहून देतो, तर सातासमुद्रांपलीकडून आपण ‘ते आपण होऊन आले’ असे का छापावे?

माझी विनंती मोठी नाही. लेखाच्या ऑनलाइन आवृत्तीत तरी त्या वाक्याच्या जागी ‘१८९३ मध्ये अमेरिकी फौजेच्या आधाराने राणीला पदच्युत करण्यात आले आणि १८९८ मध्ये अमेरिकेने हवाईचे राज्य खालसा केले’ असे वाक्य घालावे. पुरवणीत जागेची अडचण असते हे मी जाणतो. हवे तर अननसाच्या आइस्क्रीमवरच्या परिच्छेदातून एक ओळ कमी करावी.

आपला,
एक निवृत्त इतिहासशिक्षक
सदाशिव पेठ, पुणे ३०

ता. क. : लेखात राणीचे नाव दोन ठिकाणी दोन प्रकारे पडले आहे. ते ‘लिलिउओकलानी’ असे हवे. १८९५ मध्ये कैदेत असताना पक्षपात्यांचे प्राण वाचावेत म्हणून तिने पदत्यागाच्या कागदावर सही केली, तेव्हा तिला नवऱ्याचे आडनाव जोडून ‘लिलिउओकलानी डॉमिनिस’ असे लिहायला लावले होते. या नावाची कोणी व्यक्ती आपल्या माहितीत नाही आणि कधी नव्हती, असे तिने पुढे आपल्या पुस्तकात लिहिले आहे. दुरुस्ती करताना नावाचीही करावी.